रागावून धुणारं मशीन

अत-बाशी, २८ मे

बेगायिम पोरी,

कुबातच्या प्रवासी गाडीतून लोण्याचा डबा आणि कुरुतच्या सुक्या दह्यागोळ्यांची पिशवी पाठवतेय. पिशवीचं तोंड शिवलेलं आहे का ते बघून घे. वाटेत तो खात येतो.

फोन का करत नाहीस म्हणून फणकारू नकोस. इथे रेंज मिळते ती फक्त टेकडीवर, आणि टेकडीवर सगळं गाव शेळ्यामेंढ्यांसकट ऐकत उभं असतं. मी जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली. आता टपाल कचेरीला कुलूप लागलं म्हणून माझी पत्रं लिहायची सोडू काय? कुबातला म्हटलं, आजपासून तू माझा टपालवाला. तो म्हणाला, मग गणवेश द्या.

विचारायचं ते असं. तुमच्या दुकानात म्हणे वाफ सोडणारी कपडे धुवायची मशीनं आली आहेत. पुढून गोल दार, दाराला काच. एका जुन्या वर्तमानपत्रात चित्र पाहिलं. त्यात एक बाई मशीनशेजारी उभी राहून हसत होती. धुणं धुताना कोण हसतं ते मला कळलं नाही, पण ते असो. ही वाफ येते कुठून? आत किटली असते का? कपड्यांवर वरून पडते की खालून लागते? आणि लोकरीला ती लागली की काय होतं? सगळं नीट लिही. गिऱ्हाइकाला सांगतेस तसं गोड गोड नको.

लग्नाच्या शिर्दाकची, नक्षीच्या नमद्याची, काळजी करू नकोस. तुझ्या आईच्या, गुल्बारच्या, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी सगळ्यांदेखत बोलले होते, की माझ्या बहिणीची मुलगी उघड्या जमिनीवर संसार मांडणार नाही. आईने केला असता तसा लोकरीचा नमदा तिच्या पायाखाली असेल. बोलले ते बोलले. लोकर कातरून झाली, पांढरी आणि तपकिरी वेगळी करून ठेवली आहे. माझे हात ठणठणीत आहेत.

तुझी सोनुन मावशी


बिश्केक, ५ जून

मावशी,

लोणी पोचलं. कुरुत निम्मंच पोचलं. कुबातदादा म्हणतो, खिंडीत हवा विरळ असते, काहीतरी चघळत राहावं लागतं.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि इतकी खूश झाले की मालक ताश्तानना वाटलं, मोठं गिऱ्हाईक गळाला लागलं. अखेर तू स्वतःचा विचार केलास! नौरुजला मी आले होते तेव्हा बोर्सोकच्या तळणीचं पीठ तू शेजारणीकडून मळून घेतलंस आणि मला सांगितलंस, पीठच वाईट आहे. तुझी मनगटं सुजलेली मी पाहिली आहेत. हात ठणठणीत आहेत हे कुबातदादाला सांग. तू मशीन घेच.

आमच्याकडे वाफेची तीन मशीनं आहेत. नावं लक्षात ठेवू नकोस, रंग ठेव.

पांढऱ्यात वेगळी किटली नाही. ड्रमच्या खाली जिथे पाणी तापतं तिथेच थोडं पाणी राखून त्याची वाफ करतं. ती खालून वर येते आणि धुणं संपत आलं की येते, म्हणजे सुरकुत्या जातात. अगदी गुपचूप चालतं. मांजर असल्यासारखं.

काळ्यात मात्र खरीच छोटी किटली आहे! नळीतून वाफ वरून थेट कपड्यांवर येते, तीही धुणं चालू असतानाच. ड्रम लहान, आणि फिरताना गुरगुरतं.

राखाडीचा ड्रम सगळ्यांत मोठा, आख्खी दुलई मावते. मोठ्या ड्रममध्ये कपडे जास्त उंचावरून पडतात, त्यामुळे मळ चांगला निघतो. पण त्याची वाफ नुसती कपड्यांचा वास घालवायला. धुताना देत नाही.

लोकरीची भीती बाळगू नकोस. तिन्हींत लोकरीचा वेगळा प्रोग्राम आहे. पाणी कोमट आणि ड्रम पाळण्यासारखा हलतो. तुझा एकही स्वेटर आटणार नाही, हे माझं वचन.

आता शिर्दाकचं. मावशी, राहू दे. बाजारातून गालिचा घेऊ. तिलेकला त्याचं काही नाही. त्याच्या आईचं, माझ्या होणाऱ्या सासूबाईंचं, मात्र सांगता येत नाही. कुठल्याही घरी गेल्या की खाली वाकून नमद्यावर हात फिरवतात आणि विचारतात, "कुणाचा हात?" करणारणीचं नाव ऐकल्याशिवाय त्यावर बसत नाहीत. परवा त्यांनी आणखी एक विचारलं. नवऱ्याकडून मुलीच्या आईला दुधाचा मान म्हणून कोट द्यायचा असतो, आई नाही तर तो कुणाला द्यायचा? मी तुझं नाव सांगितलं.

तुझी बेगायिम


अत-बाशी, १६ जून

बेगायिम,

हात जागेवर आहेत. दोन्ही.

कोट मला नको. दूध गुल्बारने पाजलं, मी नाही. मी तुला फक्त ओरडले. त्याचा मान नसतो.

तू चांगलं लिहिलंस, पण मला हवं तेच राहिलं. ड्रम एकाच बाजूने फिरतो की मध्येच उलटा फिरतो? पाणी तापलेलं असताना एकदम गार करता येतं का? तिन्हींतलं कुठलं सगळ्यांत जोरात आपटतं? आणि काचेतून आतलं सगळं दिसतं का, की नुसता फेस?

कुबातबरोबर तीन चपट्या उश्या पाठवतेय. जुन्या पडद्याच्या कापडात लोकर घालून चहूबाजूंनी शिवल्या आहेत. उसवू नकोस. एकेका मशीनमध्ये एकेक टाक, धू आणि परत पाठव. काय होतं ते मला बघायचंय.

का ते विचारू नकोस. म्हातारीला एखादी गोष्ट उगाच जाणून घ्यावीशी वाटू नये काय?

मावशी


बिश्केक, २७ जून

मावशी,

तुझ्या अक्षराला काय झालंय? उतारावरून घरंगळल्यासारखं दिसतंय. टपालवाल्या बाईचं अक्षर असं?

असो. परीक्षा झाली! दुकान उघडायच्या आधी तिन्ही मशीनं लावली. ताश्तानना सांगितलं, नवीन साबण तपासतेय.

ड्रम तिन्हींचे दोन्ही बाजूंनी फिरतात. पांढरं सगळ्यांत शांत, पाणीही कमी पितं. राखाडी शेवटच्या गरगरीला जागेवरून सरकलं आणि भिंतीला टेकलं. तुझ्या लाकडी जमिनीवर तर ते चालत अंगणात जाईल. काळ्याची वाफ मी काचेतून पाहिली. आधी काहीच दिसत नाही, मग काच दुधासारखी होते आणि कपडे नाहीसेच होतात. मी तोंड लावून बघत होते, नाक भाजलं.

आणि तुझ्या उश्या! लोकरीच्या प्रोग्रामवर धुतल्या. जशा गेल्या तशा बाहेर आल्या. एक केस हलला नाही मावशी. चाचपून बघ, आत सगळं मऊ मऊ आणि मोकळं आहे. सोबत पाठवतेय.

माझं मत विचारशील तर पांढरं घे. तुझ्यासारखीला शांत मशीन बरं. घरात एकच बोलणारी असलेली चांगली.

बेगायिम


अत-बाशी, ४ जुलै

बेगायिम,

उश्या पोचल्या. चाचपल्या. डोक्याला हात लावला.

छान धुतल्यास हो. पण मशीन म्हणजे काय पाळणा आहे? मी तुला तीन पोरं झोपवायला पाठवली नव्हती. उश्या परत पाठवतेय. या खेपेला जरा रागावून धू. गरम पाणी, वाफ आणि आपटणं, जे जे लोकरीला करू नका म्हणून तुम्ही गिऱ्हाइकांना बजावता ते सगळं कर.

इथली खबर. नमद्याला बायका लागतात आणि गावात बायकाच उरल्या नाहीत. जामाल तिकडे तुमच्या शहरात शिवणकारखान्यात. उपेल तिच्यामागून गेली. बुर्मा मॉस्कोला कुणाची तरी फरशी पुसते. पूर्वी मी नुसतं पाणी तापत ठेवलं की अंगणात दहा जणी जमायच्या. कुणी लोकर पसरायची, कुणी ओतायची, कुणी गुंडाळी लाथाडायची आणि हसता हसता नमदा व्हायचा. या खेपेला लोकर काड्यांच्या चटईवर मी एकटीने पसरली, गरम पाणी ओतलं, गुंडाळलं, आणि गुंडाळी ओढायला दोर बांधला गाढवाला. गाढवाला वाटलं, कुणीतरी मागे लागलंय. गेलं ते थेट कुबातच्या सातूच्या शेतात. निम्मी लोकर सातूला, निम्मी गाढवाला.

उरलेल्याला कोपरापासून मनगटापर्यंत जोर देऊन लाटायचं असतं. ते काम मी नंतरवर ठेवलं आहे.

मावशी


बिश्केक, १९ जुलै

मावशी,

गाढवाचं वाचून दुकानात एवढी हसले की ताश्तान काउंटरवरून उठून आले. त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, या बाईंना गाढव विकायला सांगा आणि राखाडी मशीन घ्यायला सांगा.

तू म्हणालीस तशा उश्या धुतल्या. सुती कपड्यांचा प्रोग्राम, कडक गरम पाणी. पांढऱ्यातली एका बाजूने थोडी दबली, दुसऱ्या बाजूने होती तशीच राहिली. राखाडीत उशीचा नुसता बोळा झाला, कोपरे सगळे एका ठिकाणी. दोन्ही पाठवतेय.

काळ्यातली हरवली. दुकानात माणसांची ये-जा असते, कुणीतरी उचलली असेल. वाईट वाटून घेऊ नकोस.

पण पांढरं मशीन खरंच चांगलं आहे मावशी. लोकरीच्या प्रोग्रामवर तर फारच. तू घे ना. आणि शिर्दाकचा नाद सोड. तिलेकच्या आईला मी सांगेन, आमच्याकडे आता गालिचेच असतात.

बेगायिम


अत-बाशी, २६ जुलै

बेगायिम,

तू एरवी लांबलचक बोलतेस, खोटं बोलताना मात्र लहानपणापासून दोन शब्दांत उरकतेस. या खेपेलाही तसंच, "काळ्यातली हरवली." तेव्हाच मला संशय आला.

त्यात कुबात म्हणाला, पार्सल घ्यायला गेलो तेव्हा पोरगी मशीनसमोर बसून रडत होती आणि मला बघून काहीतरी ॲप्रनच्या खिशात कोंबलं. टपालवाल्याला डोळे असतात.

ते खिशातलं पाठव. बिघडलं असेल तसं पाठव. मला तेच हवंय.

आता ऐक. मला मशीन कपडे धुवायला नकोच होतं. माझे कपडे ते किती! मला त्यात नमदा करायचा होता. गरम पाणी, वाफ, उलटसुलट आपटणं, हे सगळं आम्ही हातापायांनी करतो तेच तर आहे. चित्र बघितलं त्या दिवशी मनात आलं, हे यंत्र स्वेटर आटवतं म्हणून लोक त्याला शिव्या घालतात, पण आटवणं हेच तर आपलं काम!

आधीच सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हणजे तुझ्याच्याने होत नाही. आणि होत नाही, बेगायिम. कपड्याचं बटण लागत नाही मला. सकाळी किटली दोन्ही हातांनी उचलते. अक्षराचं तू विचारलंस, तेच. पेन धरवत नाही. गुल्बारच्या ताटावर बसून सगळ्यांसमोर दिलेला शब्द मोडतोय, या विचाराने घास उतरत नाही गं.

मावशी


बिश्केक, ३ ऑगस्ट

मावशी, माझी मावशी,

पाठवतेय. हेच ते. गेलं तेव्हा तळहाताच्या दुप्पट होतं आणि आता बघ. नखाने ओरखडलं तरी केस निघत नाही. मशीनने मी तुझी वस्तू नासवली असंच मला वाटलं. हे बघितलंस तर तू आयुष्यात मशीन दारात येऊ देणार नाहीस आणि त्या मनगटांनी धूतच राहशील, म्हणून लपवलं आणि रडत बसले.

मी नमद्यावर जन्मले, नमद्यावर रांगले, आणि हातात आयता नमदा आला तेव्हा ओळखला नाही! आई असती तर कान पिळला असता.

तुझं पत्र वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. मी त्या काळ्या मशीनमध्ये काय काय घातलं ते ऐक. बाजारातून लोकर आणली. आधी नुसती कोरडी टाकली, तर दार उघडल्यावर मेंढीच बसलेली होती आत. मग तुझ्यासारखी कापडात शिवली, पण टाके लांब पडले, तर एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ. मग टाके जवळ घातले आणि टाकायच्या आधी पायाने थोडी तुडवून घेतली. जमलं! वाफ वरून येते म्हणून चहूकडून सारखं दाबलं जातं. राखाडीत तुकडा मोठा होईल, पण धुताना वाफ नाही म्हणून मधे भेगा राहतात. काळ्यात भेग नाही, फक्त तुकडा लहान. खिडकीएवढा.

राखाडीतला मोठा आणि भेगाळ, की काळ्यातला लहान आणि घट्ट? तू सांग. सगळं सोडून हाच विचार चाललाय. रात्री तिलेकशी बोलतानाही मी वाफेबद्दल बोलत होते. तो म्हणाला, लग्न माझ्याशीच आहे ना?

आणि जामालला शोधलं. ती आणि उपेल बाजारामागच्या शिवणकारखान्यात एकाच टेबलावर बसतात. तुझं नाव काढलं तर दोघींनी मशीनवरचे पाय काढले. रविवारी येतात म्हणाल्या.

बेगायिम


अत-बाशी, १४ ऑगस्ट

बेगायिम,

तो तुकडा मी चहाच्या किटलीखाली ठेवलाय. किटली उचलायची आणि त्याला बघायचं, असं दिवसभर चाललंय.

काळं. विचारायचं काय त्यात? लहान तुकडे जोडता येतात, भेग जोडता येत नाही.

पोत्यात सगळी लोकर पाठवतेय. पांढरी लोकर पांढऱ्या कापडात आणि तपकिरी जुन्या पडद्यात शिवा. मेंढीच्या शिंगांची नक्षी मी कागदावर काढून दिली आहे. खडूची रेघ अजून सरळ येते मला, पेनाचंच तेवढं जमत नाही. दोन रंग एकावर एक ठेवून एकदमच कापायचे, म्हणजे पांढऱ्यातून निघालेलं शिंग तपकिरीत बसतं आणि तपकिरीतलं पांढऱ्यात. काही वाया जात नाही. कापणं उपेलकडे दे, जामाल घाई करते. शिवणं जामालकडे.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तुझ्या सासूने हात फिरवला आणि विचारलं, कुणाचा हात, तर काय सांगशील? माझा म्हणालीस तर खोटं. लोकर माझी, रेघ माझी, हात नाही. जामालचा म्हणालीस तर मी शब्द मोडला. मशीनचा म्हणालीस तर ती त्यावर बसणारच नाही. लग्नाच्या पहिल्या दिवशी तुझी मान खाली जाईल ती माझ्यामुळे. मी रोज या एकाच प्रश्नाशी भांडतेय.

आणि हे विसरू नकोस. तुझी आई लोकरीवर पहिलं गरम पाणी ओतताना म्हणायची, "माझा हात नाही, उमाय आईचा हात." सुईणी मूल झेलताना त्या राखणदार देवीचं नाव घेऊन म्हणतात तेच. ते म्हटल्याशिवाय आमच्या अंगणात कधी नमदा सुरू झाला नाही. आता पाणी मशीनच ओततं, तर तू ते बटण दाबताना म्हण. कुणी हसलं तर हसू दे.

मावशी


बिश्केक, १० नोव्हेंबर

मावशी,

तू दोलोन खिंडीच्या पायथ्यावरून परत फिरलीस हे कुबातदादाने कळवलं तेव्हा मी लग्नाच्या कपड्यांत होते. खिंडीत बर्फ पडायला तोच दिवस मिळाला! मी रडले आणि जामालने डोळ्यांतलं काजळ पुन्हा घातलं.

सगळं सांगते, क्रमाने सांगते.

ऑगस्टपासून दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही तिघी. ताश्तानांनी आधी कुरकुर केली, मग काचेतून लोकर गुंडाळताना बघायला गिऱ्हाइकं थांबायला लागली, तर मशीन पुढे खिडकीत आणून ठेवायला निघाले. प्रत्येक तुकड्याला मी बटण दाबताना म्हटलं. पहिल्यांदा लाज वाटली, हळूच पुटपुटले. उपेल म्हणाली, "मोठ्याने म्हण गं, या मशीनला ऐकू कमी येतं." मग तिघी म्हणायला लागलो. शेवटी शेवटी तर ताश्तानही म्हणायचे.

तोकमोकला तिलेकच्या घरी शिर्दाक पसरला. मावशी, तू तो बघायला हवा होतास. पांढऱ्या-तपकिरी शिंगांनी खोली भरून गेली. बायका गोळा झाल्या. सासूबाई आल्या, वाकल्या, हात फिरवला. तिलेकने मला आधीच सांगून ठेवलं होतं, मावशीचा हात म्हण आणि मोकळी हो.

"कुणाचा हात?"

मावशी, मी तोंड उघडलं आणि ते आपोआपच आलं. इतक्या रविवारी म्हटलं होतं ना! "माझा हात नाही, उमाय आईचा हात."

मग मी सगळंच सांगितलं. लोकर तुझी, रेघ तुझी, कापलं उपेलने, शिवलं जामालने, आणि आपटलं दुकानातल्या काळ्या मशीनने, कारण तुझी मनगटं गेली आहेत आणि गावात लाथाडायला कुणी उरलं नाही.

त्यांनी कोपरा उलटला. नखाने ओरखडला. धरून ओढला.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "कडेला जरा जास्तच."

आणि बसल्या. शिर्दाकवर, मधोमध! मग स्वतःचे हात पुढे केले. मावशी, तुझ्यासारखेच. बोटं एका बाजूला कललेली. मला म्हणाल्या, "मी नमदा करायचं सोडलं तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आवड उरली नाही म्हणून सांगितलं." आणि मग अगदी हळू आवाजात, "वाफ वरून येते की खालून?"

मी म्हटलं, वरून.

"धुताना की नंतर?"

धुतानाच.

"ड्रम केवढा?"

बायका जेवायच्या खोळंबल्या होत्या आणि आम्ही दोघी शिर्दाकवर बसून किटलीबद्दल बोलत होतो. शेवटी त्या उठल्या आणि तिलेकला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दुधाच्या मानाचा कोट दुकानात परत दे. कोटाला बटणं असतात, ती त्या बाईला लावता येत नाहीत. ते काळं घे."

रस्ता उघडला की कुबातदादा घेऊन येईल. मी नको नको म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस.

तुझी बेगायिम


अत-बाशी, ३० नोव्हेंबर

बेगायिम,

हे पत्र कुबात लिहितोय, मी सांगतेय. त्याचं अक्षर माझ्याहून वाईट आहे. (हे त्याने लिहायचं टाळलं होतं, मी वाचून पाहिलं आणि लिहायला लावलं.)

मशीन आलं. टपावर बांधून आणलं, गावात शिरताना कुबात असा हॉर्न वाजवत आला की लोकांना वाटलं नवरी आली. लाकडी जमिनीवर ते खरंच चालायला लागलं, म्हणून चुलीजवळच्या फरसबंदीवर ठेवलं. पाणी गोठू नये म्हणून काम झालं की नळी काढून उलटी टांगायची. बाकी वीज आहे, पाणी आहे, मी आहे.

दूध गुल्बारचं होतं. मी नको म्हणणारच होते. मग मनात आलं, तिने तुला पाजलं आणि मी तुला ओरडले, दोन्ही मिळून तू झालीस. तिच्या वाटणीचं तिच्यासाठी घेतलं आणि माझ्या वाटणीचं माझ्यासाठी. तुझ्या सासूला सांग, तिच्यासाठी बसायचा तुकडा करतेय, तपकिरी. कडा या खेपेला बरोबर निघतील.

लोकर मी पसरली. पायाने तुडवली, पायाला काही झालेलं नाही. कापड शेजारणीने शिवून दिलं. मग काचेसमोर स्टूल टाकून बसले. शेजारीण बसली. कुबातही बसला, बाहेर त्याचे प्रवासी गाडीत खोळंबून ओरडत होते. काच दुधासारखी होते म्हणाली होतीस, अगदी तशीच झाली.

त्याआधी म्हणायचं ते म्हटलं, मोठ्याने म्हटलं, आणि बटण दाबलं. जराही दुखलं नाही.

तुझी मावशी